तलावाचा वाटा

तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, भरलेल्या सभेत पाणी उतरवायला मच्छीमार संस्थेतल्या सगळ्यांनी हात वर केले. यंत्रांच्या तोंडून बोलणारा आणि कायद्याने सभासद झालेला तलावही पाळीवरच्या भोंग्यातून "मंजूर" म्हणाला. फक्त सारजा वलथरे हात मांडीवर ठेवून बसली होती, आणि एकमताशिवाय तलावाचं पाणी सोडायचं दार उघडत नसे.

"तळाला ऊन लागलं तर गाळातलं बी रुजेल आणि पाणी निवळेल," तलाव म्हणाला. "या हिरव्या पाण्यात पहाटे माझा श्वास कोंडतो, बाई."

"अन् माझ्या घरची चूल कशावर पेटते मंग?" सारजाने विचारलं. "तुम्हाले काय जी, ना चूल ना पोट."

"वहिनी आता तलावालेही सोडत नाही," अध्यक्ष मनीराम हसले.

तलाव सारजाला म्हणाला, "यंदाचा माझा वाटा तुम्ही न्या."

दर वेळी जाळं ओढलं की तलावाचा वाटा म्हणून अंड्यावर आलेल्या मासोळ्या परत पाण्यात सोडत. त्याच गेल्या, तर पुढच्या पाण्यात पोहायला कोण उरणार होतं?

दुसऱ्या दिवशी जाळं ओढल्यावर सारजा तो वाटा पाणी भरलेल्या गंजात घेऊन घरी आली. सासू विळी मांडून बसलीच होती. तिच्यासमोरून सारजा परसात गेली आणि मासोळ्या विहिरीत सोडून आली.

"तलाव भरेपर्यंत राहतील," ती म्हणाली.

"अन् आपण काय खाऊ?"

"जंगलात तेंदूपत्ता तोडाले जाऊ."

"तिकडं वाघ फिरते, बाई."

"माहीत आहे," सारजा म्हणाली, आणि मंजुरीचा हात वर करायला पाळीवरच्या सभेकडे निघाली.