दूध संस्थेच्या भिंतीवरची रेघ

“रेघ मारायच्या आधी दोनदा माप घे, जोत्या. एकदा रंग वाळला की लोक तिलाच खरं धरत्यात.”

केरबामामांचा हा आवाज जोतीराम पेंटरनं पंचवीस वर्षांपूर्वी ऐकला होता, कोल्हापुरात त्यांच्या हाताखाली बोर्ड रंगवायला शिकताना. आज सकाळी घोटाभर पाण्यात उभं राहून तो पुन्हा ऐकत होता. समोर दूध संस्थेची भिंत. भिंतीवर दराचा फळा, आणि फळ्याच्या वर त्यानं औंदा उन्हाळ्यात मारलेली लाल रेघ. ‘महापूर २०१९.’

“पाचव्यांदा सांगतेय,” तलाठी अनुजा म्हणाली. ओरडून ओरडून तिचा घसा बसला होता. “वरच्या धरणाचे पाच दरवाजे उघडलेत. ते पाणी दुपारपर्यंत इथं येणार. तेव्हा हा रस्ता नसेल.”

“धरण तिकडं हाय बाई,” बाळासो म्हणाला. “आमची रेघ हितं हाय.”

तो संस्थेच्या कट्ट्यावर मांडी घालून बसला होता. मागं त्याचं घर आणि गोठ्यात अकरा म्हशी. तो हलला नाही म्हणून गल्लीतली बाकीची घरंही हलली नव्हती.

“रेघेला दोन हात उरले की जनावरं सोडायची. अजून तीन हात हायत. एकवीसच्या पुरात हितं रेघ नव्हती, नुसता एकोणीसच्या खुणेचा खिळा हुता. त्याला दोन हात ऱ्हायलं तवा निघालो. एका म्हशीचं शेपूट भिजलं न्हाय.”

“दरवाजे आपोआप उघडतात, तात्या. कुणाची वाट बघत नाहीत.”

“मग आमी तरी त्यांची का बघायची? गडहिंग्लजास्नं येऊन आमास्नी आमचीच नदी दावताय व्हय?”

दोघंतिघं हसले. अनुजा हसली नाही. तिनं ओल्या ओढणीनं मोबाईल पुसला, वाचला आणि बाळासोच्या आईकडं वळली.

“आक्का, तुम्ही तरी चला. सहावा उघडला.”

“ल्योक उठल्याबिगर मी उठत न्हाय,” दारात बसलेली आक्का म्हणाली. “आन पहाटंच नदीची वटी भरून आलीया मी. खण दिला, नारळ दिला. माहेरला आल्यागत येती, चार दिस ऱ्हाती, जाती. आमच्या अंगावर न्हाय यायची ती.”

वळणावर जनावरांसाठी आणलेला ट्रक उभा होता. ड्रायव्हरनं हॉर्न दाबून धरला. “मॅडम, गाडी फिरवू का? पुढं रस्त्याची कड दिसंना झालीया!”

“दहा मिनिटं थांबा!”

“दहाच. मग मी निघालो.”

अनुजानं रेघेकडं बोट केलं. “एका रेघेसाठी अकरा जनावरं आणि म्हातारी आई बुडवणार तुम्ही?”

“रेघ कुणी मारलीया, म्हाईत हाय का?” बाळासो ताठ झाला. “आमच्या जोत्यानं. पंचक्रोशीत असा हात न्हाय. हितंच हुबा हाय बघा, इचारा त्याला. सांग रं, जोत्या, बाईस्नी.”

सगळ्यांनी जोतीरामकडं पाहिलं. त्यानं सकाळपासून तीनदा तोंड उघडलं होतं आणि तीनदा मिटलं होतं. गावसभेत याच रेघेसाठी त्याच्या गळ्यात हार पडला होता.

तो पाणी तुडवत भिंतीशी गेला. दराचा फळा दोन्ही हातांनी उचलून त्यानं खाली घेतला. फळ्यामागं चुन्यानं पांढरा झालेला एक वाकडा खिळा होता. रेघेपासून चांगला हातभर खाली.

ट्रकचा हॉर्न वाजत होता.

“पूर हितवर आलता, तात्या. खिळ्याला दोनच हात ऱ्हायल्यात,” जोतीराम म्हणाला. “दराचा फळा आड येत हुता. म्हणून मी रेघ वर मारली.”