गाडी ओढत नाही

"‘माझी पत्नी रोज हीच गाडी चालवते’, हे वाक्य जरा ठळक करा," धर्मराज म्हणाला.

कुमुदनं वाक्य ठळक केलं. पनवेल कोर्टासमोरच्या गल्लीत तिचं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान होतं. बारा वर्षांत तिनं भाऊबंदकी, घटस्फोट, बांधावरच्या मारामाऱ्या, सगळं टाइप केलं होतं. गाडीच्या सॉफ्टवेअरची तक्रार मात्र पहिलीच.

धर्मराजची डिझेल गाडी. ही गाडी धूर जास्त सोडते म्हणून कंपनीनं सगळ्यांच्या गाड्या बोलावल्या आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर फुकटात बदलून दिलं. धूर कमी झाला असेल नसेल, पण धर्मराजच्या मते गाडीतला जीवच गेला. अॅक्सिलरेटर दाबला की म्हणे गाडी आधी विचार करत बसते आणि मग सावकाश निघते.

"एरवी चालेल हो," तो म्हणाला. "पण न्हावा शेव्याच्या रस्त्यावर ट्रेलरच्या बाजूनं निघालात, समोरून दुसरा ट्रेलर आला आणि गाडीनं ऐन वेळी मान टाकली तर?"

त्याच रस्त्यानं रोज जायची ती विनिता, धर्मराजची बायको. मोरा गावची कोळीण, मोठ्यांदा हसणारी. न्हावा शेव्याला एका कंटेनर यार्डच्या ऑफिसात नोकरीला होती आणि विचुंब्याच्या घरून गाडी घेऊन जायची. पनवेलच्या बाजाराला आली की कुमुदला सुक्या कोलंबीचे वाटाभर सोडे दिल्याशिवाय परतायची नाही.

"मग भरपाईच मागा की," कुमुद म्हणाली.

"इतक्यात नको. आधी तक्रार रेकॉर्डवर येऊ दे."

धर्मराज सरकारी खात्यात कारकून. त्याच्या तोंडी हे शोभून दिसलं. पत्र रजिस्टर्ड पोस्टानं गेलं.

पंधरा दिवसांनी कंपनीचं उत्तर आलं. गाडी घेऊन या, तपासून देतो, पैसे पडणार नाहीत. धर्मराज ते उत्तर घेऊन आला, तो जरा चिडलेलाच.

"मग न्या ना गाडी," कुमुद म्हणाली.

"गाडी कशाला देऊ? मला लेखी खुलासा हवा. दुसरं पत्र काढा."

काय हा हट्टी माणूस, असं कुमुदला वाटलं. पण खरं सांगायचं तर तिला विनिताचा हेवाही वाटला. बायकोसाठी कुणी असं पत्रांवर पत्रं लिहितं का? कुमुदच्या नवऱ्याला तिच्या स्कूटरचा रंगही धड सांगता आला नसता. त्या भरात तिनं पत्राच्या शेवटी स्वतःच एक ओळ घातली: ‘उद्या एखाद्याचा जीव गेल्यास जबाबदार कोण?’

धर्मराजनं ओळ दोनदा वाचली. "झकास," तो म्हणाला.

त्याच महिन्यात एकदा विनितानं तिला गव्हाण फाट्यापर्यंत गाडीतून सोडलं. पुढे एक ट्रेलर रेंगाळत होता. विनितानं गाडी उजवीकडे घेतली तशी कुमुदनं डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ट्रेलर मागे पडला होता.

"ह्यांना उगाच भ्या वाटतं," विनिता हसत म्हणाली. "मला तर गाडीचा काय तरास नाय."

"तुला सवय झाली असेल. ते सांगतात ते ऐकत जा गं," कुमुद म्हणाली. विनितानं मान डोलावली.

मग मार्चमधल्या एका दुपारी धर्मराज घाईघाईनं दुकानात आला. दाढी वाढलेली, शर्टाच्या बाहीला काळे डाग. बोलण्याचं त्राण नसल्यासारखा दिसत होता. त्यानं पेनड्राइव्ह काउंटरवर ठेवला.

"नवीन पत्र मीच लिहिलंय. शुद्धलेखन तेवढं बघा, दोन प्रती काढा. मी पोस्टातून पाकिटं आणतो."

तो गेला. कुमुदनं पेनड्राइव्ह लावला. माणूस टापटिपीचा, सगळी पत्रं ओळीनं नंबर घालून ठेवलेली. शेवटचा नंबर चार होता. आपण तर दोनच टाइप केली, तिसरं बाहेरून कुठूनतरी काढलं असेल, असं म्हणून तिनं चौथं उघडलं.

‘रविवार, दि. १९ मार्च रोजी माझी पत्नी विनिता मोरा येथे माहेरी जात असताना, ट्रेलरला ओव्हरटेक करतेवेळी गाडीने ओढ न घेतल्याने झालेल्या अपघातात जागीच मरण पावली. आपणांस यापूर्वी तीन वेळा लेखी कळवूनही आपण...’

पुढची अक्षरं तिला दिसेनात. खाली भरपाईची मागणी होती, तीही तिनं नुसती नजरेखालून घातली. म्हणून तो असा दिसत होता. बिचारा बोलला नाही एका शब्दानं. आणि आपण त्या पोरीला काय म्हणालो? सवय झाली असेल, म्हणालो. ‘गाडी सोड’ म्हणायला हवं होतं. तिला स्वतःचा भयंकर राग आला.

‘दुर्दैवी’ची एक मात्रा राहिली होती. डोळे पुसत तिनं ती दिली आणि प्रिंटची कळ दाबली.

"कुमुदताई, हे आलेत का इथं?"

दारात विनिता उभी होती.

मागे प्रिंटरमधून दुसरी प्रत बाहेर येत होती.

"पोस्टात... पोस्टात गेलेत," कुमुद कशीबशी म्हणाली.

"रडताय का तुमी? काय झालं?" विनिता आत आली, काउंटरला टेकली. "मी बाजारात आलेली, म्हटलं ह्यांना घेऊनच घरी जावं. उद्या रविवार ना, मोऱ्याला आईकडं चाललेय. हेच मागं लागले, जाऊन ये म्हणून. सकाळपासून गाडीखाली झोपून ब्रेक सोता बघत होते."