मुठीवरचं नाव

"बोटं सैल सोड, प्रोफेसर. बंदूक धरलीयस, भांडण नाही."

बंदुकींच्या मुठी कोरणाऱ्या म्हाताऱ्या कारागिरानं, सगळे ज्याला कॉफीपॉट म्हणत, प्रोफेसरच्या हातातलं रिकामं रिव्हॉल्व्हर किंचित फिरवलं आणि नवी मूठ तळव्यात कुठे कुठे टेकते ते वाकून पाहिलं. गाठाळ अक्रोडाचं लाकूड, रंग जुन्या मधासारखा. वसंतात त्यानं कागदावर हा पंजा ठेवून घेतला होता, पेन्सिलीनं आखला होता आणि त्या रेषेबरहुकूम मूठ कोरली होती. जुनी मूठ करंगळीखाली कायम अपुरी पडायची. आता तिथे लाकूड होतं.

मूठ अगदी नेमकी बसली होती. इथे ज्याला प्रोफेसर म्हणत त्या वेंडेल ओबर्गला त्याचाच राग आला. काहीतरी खोट निघाली असती तर दोन शब्द सुनावता आले असते. आता फक्त उरलेले डॉलर टेबलावर ठेवायचे आणि निघायचं, परत या माणसांचं तोंड न पाहण्यासाठी.

ही मूठ त्यानं बायकोच्या, मार्जरीच्या हट्टापायी करायला सांगितली होती. "जन्मात एकदा तरी स्वतःसाठी चांगली वस्तू घे," ती म्हणाली होती. मूठ तयार व्हायच्या आत, जुलैत, ती गेली. तिच्या अंत्यविधीला चर्चमध्ये पाद्री बोलत असताना वेंडेल सारखा मागे वळून दाराकडे बघत होता. कितीतरी वर्षं दर शनिवारी नेमबाजीच्या क्लबात ज्यांच्याबरोबर जुन्या काळच्या काउबॉय टोप्या घालून लोखंडी पाट्यांवर नेम धरले, ज्यांनी मार्जरीचे दालचिनीचे रोल बोटं चाटून खाल्ले, त्यांच्यातला एकही आला नाही. नंतर कुणाचा फोनसुद्धा नाही. वेंडेलनं क्लब सोडला. कुणाला कळवलंही नाही. घरात आता दिवसभर फक्त फ्रीजचा आवाज असायचा.

"होतास कुठे एवढे दिवस?" कॉफीपॉट चिंधीनं मूठ पुसत म्हणाला. "क्लबातला रस्टी म्हणतो, प्रोफेसर ॲरिझोनात उन्हात लोळतोय. आणि रोल कुठेयत लेका? आज रिकाम्या हातानं पाठवलं बाईनं?"

वेंडेलनं त्याच्याकडे रोखून पाहिलं. भुवयांवर लाकडाचा भुसा होता. चेहऱ्यावर थट्टा नव्हती. तो खरंच रोलची वाट बघत होता.

"ती गेली. जुलैत. पेपरात दिलं होतं."

चिंधी थांबली.

"पेपरात? अरे, मी ते निधनवार्तांचं पान रोज आधी वाचतो. आपल्या वयात दुसरं वाचायचं काय? प्रोफेसरची बायको वारली असं कुठेच..."

बोलता बोलता त्याचं त्यालाच उमगलं, पेपरात 'प्रोफेसर' कसं छापून येणार? क्लबचा नियम दोघांनाही पाठ होता. मैदानावर फक्त क्लबात घेतलेलं टोपणनाव चालायचं. तेच छातीवरच्या बिल्ल्यावर, तेच यादीत. चुकून खरं नाव उच्चारलं तर सगळ्यांना कॉफी पाजायची. वेंडेलनं जन्मभर विजेच्या तारा ओढल्या होत्या. काडतुसं भरण्याआधी तो प्रत्येक काडतूस उजेडात धरून तपासायचा, म्हणून तो प्रोफेसर. या नियमाचं सगळ्यांना फार कौतुक होतं.

"काय नाव होतं तिचं?" कॉफीपॉटनं विचारलं.

"मार्जरी. मार्जरी ओबर्ग."

"बागेतला फोटो. हातात भोपळा." कॉफीपॉट स्टुलावर बसला. "वाचलं होतं मी. कुणाचं तरी घर रिकामं झालं, एवढं मनात आलं. आणि पान उलटलं रे. ती रोलवाली, हे मला कुठून कळणार?"

मार्जरीला गोळीबाराचा आवाज सोसायचा नाही. ती मैदानावर कधी आलीच नव्हती. वेंडेलला हे आत्ता आठवलं. इतके महिने तो घरात एकटा बसून या माणसांशी भांडत होता, आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता. त्यानं टेबलाची कड घट्ट धरली. बऱ्याच दिवसांनी त्याला नीट श्वास घेता आला.

"मुठीच्या बुडाला नाव कोरायचं राहिलंय," कॉफीपॉट हळूच म्हणाला. "'प्रोफेसर' कोरणार होतो. आता काय कोरू?"

"वेंडेल ओबर्ग."

कॉफीपॉटनं कानावरची पेन्सिल काढली, एकेक अक्षर विचारून घेत लाकडावर ते नाव लिहिलं आणि दिव्याखाली धरून मोठ्यानं वाचलं. वेंडेलला त्या आवाजात आपलं नाव अनोळखी वाटलं, पण बरं वाटलं.

"आणि तुझं रे?" वेंडेलनं हसत विचारलं. "इतकी वर्षं कॉफीपॉट, कॉफीपॉट. नाव काय तुझं?"

"माझं? हार्लन. हार्लन क्विस्ट."

वेंडेलचं हसू तिथल्या तिथे थिजलं. क्विस्ट. दोन हिवाळ्यांमागे त्यानं ते नाव पेपरातल्या निधनवार्तांत वाचलं होतं. गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला गेलेला तरुण मुलगा, पायाखालचं बर्फ फुटलं, मागे फक्त वडील. 'अरेरे' म्हणून वेंडेलनं शब्दकोड्याचं पान काढलं होतं. आणि त्याच महिन्यातल्या एका शनिवारी कॉफीपॉटची एकही गोळी पाटीला लागत नव्हती, तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं हसला होता तो वेंडेलच.