व्हेनिस ते रोम, म्युनिकमार्गे

"हे म्हनजे वर्ध्याहून नागपूरले भुसावळमार्गे जानं झालं!" यशोदाबाई कणीक मळता मळता पुटपुटल्या.

एसटीत कंट्रोलर म्हणून हयात घालवलेले पुंडलिकराव युरोपच्या सहलीचं वेळापत्रक आखत होते. नऊ दिवस, सात शहरं, एक मिनिट वाया जाणार नाही, अशी त्यांची प्रतिज्ञा. तरी पॅरिसहून निघा की व्हेनिसहून, गाडी बदलायची ती म्युनिकलाच. अन् दरवेळी तिथं पाच तास मुक्काम.

"पुढची गाडी चुकली तं? हाताशी टाइम पाह्यजे."

"मंग तेवढ्यात म्युनिक पाहू."

"काय हाय तिथं पाहासारखं?" ते कागदावर अधिकच वाकले.

यशोदाबाईंनी पिठाचा हात त्या कागदावर ठेवला.

"आपली लेक हाय तिथं, मयुरी. तिच्या लग्नाले गेलो नाई आपन. आता तिच्या घरी तरी जाऊ."