बरा दिवस

चार माणसांत जायचं म्हणून चंद्राक्का इरकली लुगडं नेसून अपंगत्वाच्या दाखल्यासाठी आल्या. मागच्या खेपेला ‘धडधाकट दिसता’ म्हणून परतवलं होतं.

“आक्का, लग्नाला निघालात की काय?” डॉक्टर हसले.

“मग रडकं तोंड घेऊन येऊ? माझंच रक्त माझ्या सांध्यांवर उलटलंय, ते वरून दिसत नसतं. बांधा तो पट्टा.”

नव्या नियमानं अर्जदाराचं दुखणं त्या पट्ट्यातून तपासणाऱ्याच्या अंगात उतरवायचं होतं. पट्टा बांधताच डॉक्टरांच्या हातातलं पेन गळून पडलं. ते पट्टा सोडायला धडपडले.

“आधी शिक्का!” आक्का गरजल्या.

डॉक्टरांनी दोन्ही हातांनी कसाबसा शिक्का मारला. “आक्का, रोज असंच दुखतं?”

“छे हो!” दाखला घेत आक्का खुशीत म्हणाल्या, “आज बरं वाटतंय, म्हणून तर आले.”