चारची एसटी

बातम्यांचं पाकीट साताऱ्याला नेणारी एसटी चारला सुटायची आणि सभा भरायची पाचला. म्हणून पाटणचे वार्ताहर दत्तोपंत भाषण होण्याआधीच त्याचा वृत्तांत धाडत. या खेपेला त्यांनी पुढारी हंबीररावांच्या तोंडून गावाला हायस्कूलही जाहीर करवलं. हंबीररावांची जीप वाटेतच बंद पडली आणि ते आलेच नाहीत.

सकाळी अंक आला, पाठोपाठ हंबीरराव. दत्तोपंतांना आपली वार्ताहरकी गेलेली दिसू लागली.

“चूक झाली, साहेब. उद्याच खुलासा छापतो.”

“खुलासा कशाला, पंत? गाव हार घेऊन माझ्या दारात आलंय.”

“पण तुम्ही आला नव्हता, हे गावानंच पाहिलंय!”

“व्हय, पर छापून आलंय न्हवं? बांधावं लागंल आता हायस्कूल. रविवारी मल्हारपेठेत सभा हाय, तितं मातर जरा हात राखून बोला.”