भांगाचं पाणी

"लिव हेमा, अष्टमी, नवमी, दशमी. भांगाचं पानी. दर्पणचं पवणं."

वामन ओटीवर मांडी ठोकून बसला होता आणि भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून त्याने मांडीवर घेतलं होतं. शाळेने दोन्ही पोरांना एकेक कागद दिला होता, ‘सुट्टीत मी काय काय करणार’ असा. मोबाईल नको, हातपाय हलले पाहिजेत. वामनला ते फारच पटलं होतं. कोळ्याच्या घरातली सुट्टी तारखेवर थोडीच चालते, ती पाण्यावर चालते! म्हणून तो तिथ्या बघून सांगत होता, आणि अक्षर चांगलं म्हणून भावाचा कागदही अकरा वर्षांची हेमालीच लिहीत होती. भांगात, म्हणजे पाण्याला ओढ नसते त्या दिवसांत, पोहणं. उधाणात सायकलवर केळव्यापर्यंत. एकदा बापाबरोबर होडीत. नऊ वर्षांचा दर्पण प्रत्येक ओळीला उडी मारत होता.

वामनची बायको हिरा पायरीवर कोळंबी सोलत होती. कान मात्र ओटीवरच.

"आता तुजा कागद घे," वामन लेकीला म्हणाला. "लिव. बोईसर, भागीआत्याकडे. मेंदीचा क्लास."

हेमालीने ‘बोईसर’ लिहिलं आणि पेन्सिल थांबली. "पपा, मी पन पवणं लिवू?"

"तू कशाला गो? तुला काय होडीवर जायचंय?"

झालं! हिराच्या डोक्यात सणक गेली. सकाळीच ती केळव्याच्या एका रिसॉर्टमध्ये पापलेटं द्यायला गेली होती. मुंबईहून आलेल्या, हेमालीच्याच वयाच्या पोरी तिथल्या टाकीत सपासप हात मारत होत्या आणि त्यांच्या आया काठावर टाळ्या वाजवत होत्या. आणि हिची पोरगी? दारातून चार पावलं टाकली की समुद्र, आणि पोहण्याच्या नावाने ठणठणगोपाळ! लाज वाटली होती हिराला. पोरीची नाही, स्वतःची.

"दर्पणचे पपा," ती म्हणाली, "होडीवर नाय जायची, पन ऱ्हाते ना पान्याच्या तोंडाशी? पानी काय विचारून घेतंय, पोरगा हाय का पोरगी?"

"आयला विचार," म्हणून वामनने कॅलेंडरात तोंड खुपसलं.

त्याची आई नलू अंगणात वलांडीवर टांगलेले बोंबील उतरवत होती. मान न वळवता म्हणाली, "आपल्यात बाया नाय पवत. मी पासष्टाची झाले. बुडले काय?"

"गुडघ्याच्या वर पान्यात गेल्याच नाय तुमी. बुडनार कशा?"

वामन हसला. हसायला नको होतं. "बरं बाई, तूच शिकव मग पोरीला! तुला येतंय?"

हिराला नव्हतं येत. जन्म याच किनाऱ्यावर गेला. होडी लागली की टोपली घेऊन धावायचं ते गुडघाभर पाण्यापर्यंत, तिथून पुढचं सगळं पुरुषांचं. कुणी तिला शिकवलं नाही आणि तिनेही कधी मागितलं नाही. ते आठवून तिला स्वतःचाच भयंकर राग आला.

तिने हात धुतले. दर्पणसाठी वामनने कालच तेलाचे दोन रिकामे कॅन दोरी लावून ठेवले होते. एक तिने हेमालीच्या पाठीला बांधला, गाठ दोनदा ओढून बघितली. दुसरा स्वतःच्या पाठीला. पदर कमरेला खोचला.

"आई, काय करतेस?" हेमाली घाबरलीच.

"आज तिथ कुठली?"

हेमालीने कॅलेंडर बघितलं. "अष्टमी."

"मग चल."

"अगो ए, डोकं फिरलं काय तुजं?" वामन उठेपर्यंत माय-लेकी रस्ता ओलांडून वाळूत गेल्यासुद्धा.

संध्याकाळची भरती वर चढली होती. किनाऱ्यावर जाळी शिवत बसलेले चौघे माना वर करून बघायला लागले. बघा म्हणावं, डोळे फाडून बघा! पाणी गुडघ्याला लागलं आणि हिराचे पाय आपोआप थांबले, इतक्या वर्षांची सवय. मग तिने पोरीचा हात धरला आणि पुढे निघाली. कंबर झाली. छाती झाली. खोटं कशाला बोला, भीतीने तिची गाळण उडाली होती. एकाएकी पायाखालची वाळू गेली, नाकातोंडात पाणी शिरलं आणि कॅनने तिला वर ढकललं. शेजारी हेमाली खोकत होती, हसत होती, पण हात सोडत नव्हती.

वामन धावत आला तो पाण्याच्या कडेलाच थबकला. मागे चौघे बघत होते ना!

लग्नातल्या उखाण्यानंतर हिराने नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. आता तिने खारं पाणी थुंकलं आणि अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशी हाक दिली.

"वामन! बघत काय ऱ्हायलास? ये, शिकव! दोघी हाव आमी!"

अंगणात म्हातारीच्या हातातले बोंबील खाली पडले.

वामनने एकदा जाळी शिवणाऱ्यांकडे बघितलं. मग सदरा काढला.